मॉरिशसच्या उसातले दगड

मॉरिशस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नवी जोडपी आणि पांढरी वाळू उभी राहते. धाकटे भाऊजी तिकडे नोकरीला होते म्हणून आमचं जाणं झालं, नाहीतर मूलच्या बाईचा प्रवास बहुधा नागपूरलाच संपतो!

बेट केवढंसं? ६५ किलोमीटर लांब, ४५ रुंद. समुद्राच्या तळातून ज्वालामुखीनं वर आणलेलं. क्युरपीप गावात तर भर वस्तीत त्याचं तोंड आहे, सुमारे ३०० मीटर रुंद. आता थंड, आत झाडी माजलेली. शामारेलला लाल, तपकिरी, जांभळ्या मातीच्या टेकड्या पाहिल्या. ज्वालामुखीचा दगड झिजून माती झाली, आणि लोखंड नि अ‍ॅल्युमिनियम यांच्या कमीजास्तपणानं हे रंग आले. ती माती काचेच्या नळ्यांत भरून विकतात. जाऊबाईंनी चार घेतल्या. आमच्या बाजारातल्या रांगोळीवालीकडे याहून जास्त रंग असतात, पण मी काही बोलले नाही.

मला नवल वाटलं ते वेगळ्याचंच. उसाच्या शेतात जागोजागी काळ्या दगडांचे माणसाहून उंच ढीग. मी विचारलं, "समाध्या आहेत का हो?"

"नाही वहिनी, जमीन साफ करताना वेचलेले दगड आहेत हे."

आमच्याकडे धानाच्या बांधीत रोवणीच्या वेळी एखादा दगड पायाला लागला तर उचलून धुऱ्यावर टाकतात. इथं दगड बाजूला सारून माती शोधायची! आधी आफ्रिका-मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी, आणि १८३४ पासून करारावर आलेल्या आपल्या लोकांनी. पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर माणसं हिंदुस्थानातून आली, मुंबई बंदरातून कोकणातलीही. पोर्ट लुईला आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या अजून आहेत. त्या चढताना एखाद्या बाईच्या कडेवर पोर असेल, असं मनात आलं आणि पाय जड झाला.

परतायच्या आदल्या दिवशी एका मराठी घरी गेलो. आजींनी दालपुरी वाढली; डाळ भरलेली पातळ पोळी, बिनगुळाची पुरणपोळीच म्हणा ना. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते, आजींना आरती तोंडपाठ. बोलणं मात्र क्रिओलमधलं. नात शाळेत मराठी शिकलेली, ती दुभाषीण झाली. आजींनी पेटीतून एक कागद काढला. त्यांच्या पणजीच्या नोंदीचा उतारा. नाव, वय, जिल्हा रत्नागिरी, आणि गाव. गावाचं नाव गोऱ्या साहेबाच्या कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलेलं. मी तीन-चार तऱ्हांनी वाचून पाहिलं. आजी माझ्या ओठांकडे बघत होत्या.

"तुमच्या गावाजवळ आहे का?" नातीनं विचारलं.

मूल कुठं नि रत्नागिरी कुठं, हे त्यांना कसं सांगावं? मी ते नाव उतरवून घेतलं. आमच्या आळीत रत्नागिरीकडचे एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांना दाखवलं. दोन गावं जुळतील म्हणाले, दोन्हीकडे पत्रं गेली आहेत.