मागचे दार

रहस्यकथा म्हटली की आपल्याकडे झुंजार नाहीतर काळा पहाड. आम्ही मात्र रद्दीवाल्याकडून आणलेली एक अमेरिकन कादंबरी शब्दकोश जवळ ठेवून वाचली. फॅनी फ्लॅग यांची ‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज ॲट द व्हिसल स्टॉप कॅफे’, १९८७ सालची. अलाबामातले रेल्वेलगतचे चिमुकले गाव, तिथे इड्गी आणि रूथ या दोघींची खानावळ. रूथचा मारकुटा नवरा एके दिवशी गायब होतो. खून कोणी केला, ते आम्ही सांगणार नाही! हसू मात्र पानोपानी. गावच्या पोस्टातली बाई साप्ताहिक काढते आणि त्यात नवऱ्याचीच फजिती छापते.

इड्गी-रूथचे एकमेकींवर प्रेम आहे. दोघी मिळून रूथचा मुलगा वाढवतात, गाव नावे ठेवत नाही. १९९१ च्या चित्रपटाने हे नाते मैत्रीवरच आणून ठेवले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा नात्यांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलेल्या संविधानिक नीतिमत्तेचाच आधार घेतला.

आम्ही अडलो ते निराळ्या जागी. त्या खानावळीत काळ्या लोकांना जेवण मिळते, पण मागच्या दाराने. तेवढ्यावरही क्लॅनवाले गुरगुरतात. इड्गी त्यांना बधत नाही, हे खरे. पुढचे दार मात्र बंदच. कायद्याने ते उघडायला १९६४ साल उजाडावे लागले.

आईला ही गोष्ट सांगितली. दोघींच्या संसाराबद्दल तिने एवढेच विचारले, “नीट नांदल्या ना?” मागच्या दाराशी मात्र तिने आम्हाला थांबवले.

“पैसे पुढच्या गिऱ्हाइकाइतकेच घेत होत्या का रे?”