फजरनंतरचा मोकळा रस्ता

लालबागमध्ये दिवसा सायकल चालवायची म्हणजे जीव मुठीत धरूनच. पण रविवारी फजरची नमाज अदा करून आम्ही दोघे आणि आमची दहावीतली लेक खाली उतरतो, तेव्हा तोच रस्ता मोकळा असतो.

बिस्मिल्लाह म्हणून निघायचे. भायखळा, जे. जे., मोहम्मद अली रोड. लालबाग आणि जे. जे. हे दोन्ही उड्डाणपूल सोडून खालूनच जायचे. पदपथावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटत असतात, पाववाल्यांच्या सायकली आम्हाला मागे टाकतात. १८६९ सालच्या क्रॉफर्ड मार्केटपाशी मालाचे टेम्पो उभे असतात, तिथे सावकाश. पुढे धोबी तलाव, प्रिन्सेस स्ट्रीट आणि समोर समुद्र! उजवीकडे वळले की मरीन ड्राइव्हने थेट गिरगाव चौपाटी. अंतर सात-आठ किलोमीटर. परतताना ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, सातरस्ता, चिंचपोकळी. गर्दी वाढण्याआधी घर गाठावे.

गेल्या वर्षी नात्यातल्या एका खालांनी विचारले, "पोरगी मोठी झाली, आता सायकल कशाला?" आम्ही गप्प बसलो. महिनाभर सायकल जिन्याखाली पडून राहिली. लेक काही बोलली नाही. फक्त फजरनंतर पुन्हा झोपू लागली. ते आमच्या मनाला लागले.

आता दुपट्टा नीट खोवून, हेल्मेट घालून ती पुढे असते, आम्ही मागे. चौपाटीवर ती आमची वाट पाहत थांबते. अल्हमदुलिल्लाह, खालाही आता विचारतात, "या रविवारी कुठवर गेलात?"