रोजचे १७० रिंगिट

परदेशी सहलीचा खर्च विचारला तर विमानाचं तिकीट आणि हॉटेल किती पडलं, हे माणसं शेवटच्या रुपयापर्यंत सांगतात. खाणंपिणं, गाडीभाडं आणि नातेवाइकांसाठी घेतलेल्या वस्तू यांचा विषय निघाला की मात्र "गेले असतील चाळीस-पन्नास हजार" एवढ्यावर गोष्ट संपते. खरी गळती होते ती याच भागात. मलेशियाला जायचं ठरलं तेव्हा आम्हाला ती परवडण्यासारखी नव्हती. मुलगी दहावीत जाणार होती आणि तिच्या क्लासची फी जूनमध्ये भरायची होती. त्या पैशांना हात लागता कामा नये, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

आम्ही पाच जण होतो. आम्ही दोघं, अम्मी, मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. सहा रात्री, सात दिवस. चार रात्री क्वालालंपूर आणि दोन पिनांग. मलेशिया निवडण्याची कारणं साधी होती. भारतीयांना सध्या ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही आणि हलाल जेवण शोधत वणवण करावी लागत नाही. प्रवेशासाठी एक डिजिटल अर्ज निघण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावा लागतो. तो सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तो दलाल समजावा.

एक रिंगिट आम्हाला साधारण २० रुपयांना पडला. तिकिटं, हॉटेल, पिनांगची रेल्वे आणि पाहण्याच्या जागांची प्रवेश फी हे वेगळ्या खात्यात टाकलं. हातखर्चाला २१०० रिंगिट, म्हणजे ४२ हजार रुपये. त्यातले जेवणाला रोज १३० आणि शहरात फिरायला रोज ४०, असे दिवसाचे १७०. सात दिवसांचे झाले ११९०. भेटवस्तूंसाठी ६०० आणि अडीअडचणीला ३१०. सात पाकिटं केली आणि प्रत्येकावर वार लिहिला. त्यांचा ताबा मुलीकडे दिला. भेटवस्तूंचं पाकीट अम्मींच्या बटव्यात गेलं, आणि तिथून ते काढायचं म्हणजे अम्मींची मंजुरी घ्यावी लागायची. ही व्यवस्था आमच्या दोघांच्या संयमापेक्षा पुष्कळ भरवशाची ठरली.

विमानतळावर उतरल्या उतरल्याच पहिला निर्णय घ्यावा लागतो. शहरात नेणारी एक्सप्रेस ट्रेन २८ मिनिटांत पोहोचवते, पण मोठ्या माणसाचं तिकीट ५५ रिंगिट आहे. एकट्यादुकट्याला ती सोयीची. पाच जण आणि पाच बॅगा असतील तर ॲपवरून मागवलेली मोठी गाडी त्याच्या निम्म्यात हॉटेलच्या दारात सोडते. हॉटेलच्या काउंटरवर परदेशी पाहुण्यांकडून दर खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर घेतात. दोन खोल्या, सहा रात्री, म्हणजे १२० रिंगिट. बुकिंग करताना भरलेल्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो. आमच्या अडीअडचणीच्या पाकिटातली सगळ्यात मोठी रक्कम हीच.

आता जेवण. क्वालालंपूरमध्ये सकाळ सुरू होते ती मामकांच्या हॉटेलात. मामक म्हणजे दक्षिण भारतातून तिथे गेलेल्या तमिळ मुसलमानांचे वंशज. हा शब्द तमिळमधल्या 'मामा'वरून आला आहे, आणि तो मामा आपल्या मामापासून फार लांबचा नाही. हाक मारताना मात्र कुणी मामक म्हणत नाही. 'अण्णे' म्हणतात, म्हणजे दादा. यातली बरीच हॉटेलं चोवीस तास उघडी असतात. तव्याशेजारी उभा असलेला माणूस मैद्याचा गोळा हवेत भिरकावून रुमालासारखा पातळ करतो, घडी घालून भाजतो आणि दोन्ही तळहातांनी आपटून मोकळा करतो. हीच रोटी चनाई. सोबत डाळ आणि माशाची आमटी. आमच्या दहा रोट्या, तीन चहा आणि मुलांचे दोन मायलो मिळून ३२ रिंगिटच्या आत बिल आलं. पाच जणांचा पोटभर नाश्ता ६४० रुपयांत झाला.

पेयांकडे लक्ष ठेवावं लागतं. तिथे 'तेह' म्हणजे घट्ट गोड दूध घातलेला चहा. अम्मींना साखरेचा त्रास आहे. त्यांच्यासाठी 'तेह ओ कोसोंग' हे तीन शब्द आम्ही विमानातच पाठ केले होते: दूध नको, साखर नको. साधं पाणीही काही ठिकाणी ग्लासामागे ३० ते ५० सेन लावून बिलात येतं. रक्कम क्षुल्लक आहे, पण पाच जण, तीन वेळा, सात दिवस असा गुणाकार केला की क्षुल्लक राहत नाही. आम्ही हॉटेलातल्या फिल्टरवर बाटल्या भरून घेत होतो. मुलाचा बर्फ घातलेला मायलो साडेतीन रिंगिटचा. दिवसातून दोनदा घेतला तर आठवड्याचे ४९, म्हणजे जवळजवळ हजार रुपये. मुलीने वहीत हा हिशेब मांडून भावाला दाखवला. तेव्हापासून मायलो सकाळचा एकच झाला. आमच्यापैकी कुणाला 'नाही' म्हणावं लागलं नाही.

दुपारी भात आणि वीस-पंचवीस प्रकारचं कालवण-भाजी मांडलेली दुकानं असतात. ताट घ्यायचं आणि हवं ते वाढून घ्यायचं. गल्ल्यावरचा माणूस ताटाकडे एक नजर टाकतो आणि आकडा सांगतो. दरफलक बहुतेक नसतोच. भात, एक भाजी आणि कोंबडीचा तुकडा घेतला तर ८ ते १० रिंगिट होतात. मोठी कोळंबी, माकूळ किंवा माशाचं डोकं ताटात आलं की हाच आकडा तिपटीवर जातो. वाढून घेण्याआधीच बोट दाखवून 'बेरापा?' विचारावं, म्हणजे 'किती?'. यात कमीपणा काही नाही. तिथली माणसंही विचारतात.

पिनांगचा नासी कंदार हा याच जातीचा, पण कीर्ती त्याची मोठी. 'नासी' म्हणजे भात आणि 'कंदार' म्हणजे खांद्यावरची कावड. बंदरावरच्या हमालांना जेवू घालण्यासाठी तमिळ मुसलमान फेरीवाले एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला कालवण अशी कावड घेऊन फिरत असत. कावड गेली, नाव उरलं. सगळ्या रश्श्यांची मिसळ भातावर ओतून देतात. तो रस्सा चाखून अम्मी म्हणाल्या, "हा आपलाच आहे, नुसता परगावी राहून आलाय." जॉर्ज टाउनमधली कपितान केलिंग मशीदही याच लोकांची, १८०१ सालची. त्याच रस्त्यावर थोड्या अंतरात चर्च आणि चिनी देऊळ आहे, आणि गल्लीपलीकडे मारिअम्मनचं देऊळ. जुनं शहर चालत पाहायचं आहे, त्यामुळे फिरण्याच्या ४० रिंगिटमधले तिथे निम्मे शिल्लक राहिले. मुख्य भूमीवरून बेटावर नेणारी फेरी तर एक-दोन रिंगिटची. मुलाच्या मते संपूर्ण सहलीतली सर्वोत्तम वस्तू तीच.

हलालबाबत एक गोष्ट सांगायला हवी. देश मुस्लिमबहुल असला तरी प्रत्येक ठेला हलाल नसतो. चिनी खाद्यगल्ल्यांत 'डुकराचं मांस नाही, चरबी नाही' अशी पाटी दिसते. तिचा अर्थ हलाल असा होत नाही. 'जाकिम' या सरकारी खात्याचं गोल हलाल चिन्ह पाहावं. मॉलमधल्या हॉटेलात ते चिन्ह मिळतं, पण मेनूकार्डावर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतात. एक १० टक्के सेवा आकाराचं, दुसरं ६ टक्के कराचं. शंभराचं जेवण ११६ ला पडतं. आम्ही मॉलमध्ये एकदाच जेवलो, तेही बाहेर धो धो पाऊस होता म्हणून. पेट्रोनासचे जुळे मनोरे मात्र खालच्या बागेतून रात्री फुकट पाहता येतात, आणि तिथूनच ते जास्त शोभतात असं आमचं मत आहे.

फळांचं पाकीट वेगळं केलं नव्हतं. ती जेवणातच धरली. मे महिन्यात मँगोस्टीन येऊ लागतं. जांभळं जाड साल, आत पांढऱ्या पाकळ्या. हे आपल्या रातांब्याच्याच कुळातलं झाड आहे, आणि सालीचा डाग पडला तर तोही तितकाच हट्टी. ड्युरियन वजनावर विकतात आणि वजन सालीसकट होतं. नावाजलेल्या जातीच्या एका फळात आमचं रात्रीचं अख्खं जेवण आलं असतं. आम्ही साध्या गावठी जातीचं घेतलं आणि गाड्याशेजारीच उभं राहून खाल्लं, कारण हॉटेलात ते नेऊ देत नाहीत. मुलीला आवडलं. बाकी चौघांनी तिला आनंदाने संपवू दिलं.

भेटवस्तूंचा प्रश्न पैशांपेक्षा अवघड होता. निघण्याआधी अम्मींनी यादी केली, ती बावीस घरांची झाली. हजहून आलेल्या माणसाकडून जमजम आणि खजूर सगळ्यांना पोहोचतो. तिथे कुणी वस्तू मोजत नाही, कारण तो तबर्रुक असतो. सहलीहून आलेल्या माणसाच्या पिशवीकडे मात्र लोक वेगळ्या नजरेने पाहतात. कुणाला काय आलं याची तुलना होते, आणि ज्या घरात हात आखडता असतो तिथे ती अधिक लागते. शिवाय दोघा-तिघांनी फोनवर अत्तर, घड्याळ अशा मागण्या कळवल्या होत्या. त्यांना आम्ही नम्रपणे सांगितलं की पैसे आधी पाठवले तर नक्की आणू. एकानेच पाठवले.

बावीस घरांना सहाशे रिंगिट वाटले तर प्रत्येकाला एकेक चुंबक येतं, जे महिनाभरात फ्रिजच्या मागे पडतं. अम्मींनी तोडगा काढला. त्यांच्या दोन बहिणी, आमची फुफी, खाला आणि शेजारच्या चाची या पाच जणींना 'तेलेकुंग' द्यायचा. हा तिकडच्या बायकांचा नमाजाचा पोशाख: डोक्यापासून कमरेखालपर्यंत वरचा भाग आणि खाली लांब घागरा. घरातल्या कुठल्याही कपड्यांवर चढवला की झालं. "आणायचा तर पाचींना एकाच कापडाचा, एकाच किमतीचा," अम्मी म्हणाल्या, "नाहीतर कुणालाच नको." जालान मस्जिद इंडिया आणि त्याच्या शेजारची तुआंकू अब्दुल रहमान रस्त्याची गल्ली ही त्यासाठी योग्य जागा. शनिवारी संध्याकाळी त्या गल्लीत रात्रबाजार भरतो. नक्षीचे तेलेकुंग शंभरावर होते. साध्या सुती कापडाचे पाच घेतो म्हटल्यावर दुकानदारीण ४५ ला एक द्यायला तयार झाली. २२५ रिंगिट तिथे गेले.

उरलेल्या घरांना एकत्र उघडून खाता येईल असं काहीतरी न्यायचं ठरलं. पिनांगमध्ये जायफळाच्या फळाची साल वाळवून साखरेत मुरवतात. अम्मींना आधी हसू आलं, "जायफळ आणायला परदेशी?" पण चव घेतल्यावर आठ पुडे झाले, ५६ रिंगिट. पांढऱ्या कॉफीचे चार पुडे ६८, मुलांसाठी तीन सोंगकोक टोप्या ४५, चुलत्यांना दोन बाटिक लुंग्या ७६. बाटिक घेताना कापड उलटून पाहावं. मेणाने काढलेली नक्षी दोन्ही बाजूंना सारखी उमटते, छापील असेल तर उलट बाजू फिकी दिसते. सेंट्रल मार्केटमध्ये हे फरक समजावून सांगणारे विक्रेते भेटतात. पेतालिंग स्ट्रीटवर घासाघीस जमते, पण माल आपल्यालाच ओळखावा लागतो. शाळेतल्या मैत्रिणींसाठी किचेन २०. आमच्या मागे घराकडे लक्ष ठेवणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या ताई अम्मींच्या पहिल्या यादीत नव्हत्या. विमानतळावर निघायच्या आदल्या दिवशी त्यांनीच नाव घातलं, आणि ३५ ची बाटिक ओढणी घेतली. एकूण ५२५.

कार्डाबद्दल थोडं. परदेशात कार्ड वापरलं की बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार लावतात. दुकानातलं मशीन कधी कधी "रुपयांत की रिंगिटमध्ये?" असं विचारतं. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात दुकानाकडच्या यंत्रणेचा महाग दर असतो. रिंगिटच निवडावं. आम्ही कार्ड फक्त दवाखान्यासाठी ठेवलं होतं, आणि अल्हमदुलिल्लाह ते बाहेर काढावं लागलं नाही.

रोजच्या पाकिटांत कधी पाच-दहा उरले, कधी दुसऱ्या दिवशीचे घ्यावे लागले. शेवटी ती सगळी रिकामी झाली. अडीअडचणीच्या ३१० मधून कर आणि दोन छत्र्यांचे ३० वजा जाता १६० राहिले, भेटवस्तूंतले ७५. नाणी बदलून मिळत नाहीत, म्हणून परत निघताना सुट्टे ३५ रिंगिट मशिदीच्या पेटीत टाकण्याचं काम मुलाने केलं. नोटा घरी आल्यावर बदलल्या. दर १८ चाच मिळाला, ३६०० रुपये आले, आणि ते क्लासच्या फीच्या पाकिटात गेले. जायफळाची साल दोन दिवसांत संपली. कॉफीचे दोन पुडे ज्यांना दिले त्यांच्याकडे अजून तसेच आहेत.