विलिस्टनची तेलनगरी

नोकरीनिमित्त अमेरिकेंतील बिस्मार्क येथें असतां, २०१४ च्या उन्हाळ्यांत त्याच नॉर्थ डकोटा प्रांतांतील विलिस्टन पाहण्याचा आम्हांस योग आला. रात्रीं गांवाजवळ पोंचलों, तों माळावर जागोजाग ज्वाळा दिसल्या. तेलाबरोबर वर येणारा वायु वाहून नेण्यास पुरेसे नळ नसल्यानें तो तेथेंच जाळीत.

या प्रांतांत तेल १९५१ सालींच सांपडलें. परंतु सुमारें दोन मैल खोल असलेला बाकन थराचा घट्ट खडक तें सहजीं सोडीना. आडवें छिद्र पाडून, पाणी व वाळू दाबानें घुसवून खडक फोडण्याची युक्ति साधली आणि गांवाचें दैव उघडलें. २०१० च्या शिरगणतींत १४,७१६ असलेली वस्ती २०२० मध्यें २९,१६० झाली.

मजुरी भरपूर, पण बिऱ्हाड दुर्मिळ! दूरदूरचे पुरुष 'मॅन कॅम्प' नामक तात्पुरत्या खोल्यांत राहत. कित्येक मोटारींतच निजत. त्यांच्या कमाईवर दूर गांवीं चुली पेटत. परंतु त्या चुलीपाशीं जेवावयास ते नसत. कोंकणांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांची आम्हांस आठवण झाली.

त्याच वर्षीं तेलाचे भाव कोसळूं लागले व २०१६ च्या आरंभीं पिंपास तीस डॉलरांखालीं गेले. अनेकांचीं कामें सुटलीं, खोल्या ओस पडल्या. पैका मिळविण्यास घर सोडावें लागतें, हें खरें. पण तें किती वर्षांसाठीं, हें निघण्यापूर्वींच घरच्या मंडळींत बसून ठरवावें. तेलाचा भाव तें ठरविण्याची वाट पाहूं नये.