भिलावानी

उन्हाळ्याची सुटी लागली की आमच्या घरी नातवंडांचा धुडगूस सुरू होतो. यंदा पुण्याचा धाकटा नातू, वय वर्षे नऊ, महिनाभर होता. एका दुपारी केळीच्या बागेतून खेळून आला तो डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखून. केस पिंजारलेले, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग (हे डाग निघत नाहीत, खानदेशातल्या बायकांना वेगळे सांगायला नको). त्याला बघताच आमच्या सौ. म्हणाल्या, "काय भिलावानी अवतार करून आला रे! जा आधी मोरीत."

पोरगे आंघोळ करून आले, माझ्याजवळ झोपाळ्यावर बसले आणि विचारले, "आजोबा, भिल म्हणजे घाणेरडा का?"

चौतीस वर्षे मराठी शिकवले. समानार्थी शब्द विचारला की उत्तर तोंडावर असायचे. त्या दुपारी नव्हते.

मी म्हटले, अरे, भिल म्हणजे माणसे. आपल्या सातपुड्यातली, तापीकाठची. आपल्याकडे केळीचे घड कापायला काका येतात ना, ते भिल आहेत. तो म्हणाला, "पण ते तर स्वच्छ असतात!" मग थोडा विचार करून, "मग आजी असं का म्हणाली?"

विषय बदलायला मी गोष्टी काढल्या. इंग्रजांनी 1825 साली खानदेशात भिलांची पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगावला होते. 1858 मध्ये खाज्या नाईक आंबापाणीला इंग्रजांशी लढला. आणि तंट्या भिल, पलीकडच्या निमाडातला, सरकारला वर्षानुवर्षे चकवणारा. त्याला 1889 साली जबलपूरला फाशी दिले. तंट्या नातवाला फार आवडला. माझी सुटका झाली असे त्याला वाटले असेल, मला मात्र नाही वाटले.

कारण मला एक वर्ग आठवला. 1984 च्या सुमाराची गोष्ट, आपल्या गावाला तेव्हा एदलाबाद म्हणत. सातवीचा वर्ग. एका सधन घरचा मुलगा केस वाढवून आला होता. मी फळ्याकडून वळून म्हणालो, "काय रे, भिलाटीतून आलास का?" वर्ग खो खो हसला. आणि हसता हसता सगळी डोकी तिसऱ्या बाकाकडे वळली. तिथे खरोखर भिलाटीतून येणारा मुलगा बसला होता. तोही हसला. मी पुढे समास शिकवायला घेतला.

पुढच्या वर्षी तो शाळेत दिसला नाही. आईबापांबरोबर मजुरीला गेला असेल, तेव्हा अशी पुष्कळ मुले सुटायची. माझ्या बोलण्याने गेला असे मी म्हणत नाही. पण चौकशीही केली नाही, हेही खरे आहे.

गंमत बघा. लग्नानंतर आम्ही मुंबईला एका नातेवाइकांकडे गेलो होतो. तिथे जिन्यात कुणी तरी मला उद्देशून "घाटी" म्हणाले. तो जिना, तो आवाज, तेव्हा माझ्या हातात केळ्यांची करंडी होती, सगळे मला आजही लख्ख आठवते. दुसऱ्याने मारलेला शब्द पन्नास वर्षे जपून ठेवला आणि स्वतः मारलेला आठवायला नऊ वर्षांचे पोर लागले.

आणि आपण राहतो कुठे? मुक्ताईच्या गावात. "संन्याशाची पोरं" हे त्या चार भावंडांना लोक हिणवायला म्हणत. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा बाहेरून समजूत घालणारी धाकटी बहीण हीच, अशी ताटीच्या अभंगांची कथा. ज्येष्ठात पालखी पंढरपूरला निघते तेव्हा आपण सगळे पाया पडतो. कीर्तनात ही कथा आली की डोळे पुसतो, आणि घरी येऊन कुणाला तरी भिल, कुणाला बायल्या, कुणाला मेंटल म्हणतो. "चांभारचौकशी" तर मी शब्दसंपत्ती म्हणून शिकवला आहे, वाक्यात उपयोगासह. 2020 साली सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला, चांगले केले. पण पाट्या रंगवता येतात, जिभेचे काय करायचे?

रात्री सौ.ना हे बोलून दाखवले तर त्या चिडल्याच. "मी काय कोणाच्या जातीवर गेले का? तोंडात बसलेला शब्द आहे. त्याच्या बायकोच्या बाळंतपणात रात्री दोन वाजता मीच धावले होते, तुम्ही नाही." तेही खरे आहे. मी घोरत होतो.

दोन दिवसांनी घड कापायला तो माणूस आला. नातू अंगणात होता. मी थांबवायच्या आत विचारून मोकळा झाला, "काका, तुम्ही भिल आहात ना?"

तो विळा खाली ठेवत म्हणाला, "हो. का रे बाबा?"

"माझ्या आजोबांनी मला तंट्याची गोष्ट सांगितली."

त्याने माझ्याकडे बघितले आणि हसला. मी चहा सांगायच्या निमित्ताने आत गेलो.