दीर्घ शुश्रूषा

आमच्या आजोबांच्या काळीं रोगी उठून बसे, नाहीं तर वैद्य हात टेकीत. मधली तिसरी अवस्था यंत्रांनीं आणली. १९५२ सालीं कोपनहेगन शहरांत पोलिओची सांथ आली. ज्यांचे श्वासाचे स्नायु लुळे पडले, त्यांच्या गळ्यास छिद्र पाडून नळी बसविण्यांत आली आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें पिशवी दाबून त्यांस रात्रंदिवस श्वास पुरविला. आजच्या अतिदक्षता विभागाचें मूळ तेथें आहे. पुढें तें काम यंत्राकडे गेलें आणि असंख्य प्राण वांचले. पण कांहीं रोगी असे उरले कीं, ज्यांचें संकट टळलें, यंत्र मात्र सुटलें नाहीं.

आमचे वडील बंधु अशा अवस्थेंत अडीच महिने होते. पहिल्या आठवड्यांत डॉक्टरांची रीघ असे. दुसऱ्या महिन्यांत ते दारांतूनच चौकशी करून पुढें जात. घरचीं माणसें खर्चाचा विचार मनांत येतांच एकमेकांची नजर चुकवीत. खरी सेवा तेव्हां आम्हीं पाहिली: दर दोन तासांनीं कूस पालटणें, नळींतील कफ ओढणें, आखडणारीं बोटें हलविणें. यांत चमत्कार नाहीं. पण हें चुकलें कीं पाठीस क्षत पडतें, फुप्फुसांत जंतु शिरतात.

या सेवेचें सर्वांत मोठें उदाहरण मुंबईचेंच आहे. के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांजवर नोव्हेंबर १९७३ मध्यें अमानुष हल्ला झाला. तेव्हांपासून १८ मे २०१५ रोजीं देह ठेवीपर्यंत तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनीं त्यांस सांभाळलें. श्वास त्यांचा स्वतःचा होता. बाकी सारें इतरांच्या हातांनीं चाले. त्यांचें अन्न थांबवावें, ही विनंती सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं नाकारली. परंतु त्याच निकालानें इतर रोग्यांसाठीं, उच्च न्यायालयाच्या संमतीनें, उपचार थांबविण्याची वाट मोकळी केली. २०१८ सालीं सन्मानानें मरण्याचा हक्कही मान्य झाला.

या दोन गोष्टींत आम्हांस विरोध वाटत नाहीं. उपचार केव्हां थांबवावे, हें रोग्याची इच्छा जाणून ठरवितां यावें, हें योग्यच. पण तो निर्णय थकलेल्या घरानें किंवा कंटाळलेल्या रुग्णालयानें घेऊं नये. त्यासाठीं अशा रोग्यांस यंत्रांच्या गर्दीबाहेर शांत जागा, शिकलेले हात आणि आप्तांस खरें सांगणारा डॉक्टर हवा. आमच्या बंधूंच्या शेवटच्या आठवड्यांत एक परिचारिका कूस पालटण्यापूर्वीं दर वेळीं त्यांस नांवानें हांक मारी. उत्तर येत नसे. हांक चुकली नाहीं.