माल्टा : शांत किनारे, सावध आहार

भूमध्य समुद्रातील माल्टा या बेटांच्या देशात इंग्रजी ही एक राजभाषा असल्याने ज्येष्ठांना संवादाची अडचण भासत नाही. नातवंडांसह जाणाऱ्यांनी मेल्लिहा उपसागराचा उथळ, वालुकामय किनारा निवडावा. निवांतपणासाठी फेरीबोटीने गोझो बेटावर जाऊन रामला येथील तांबूस वाळू पाहावी. तटबंदीतील जुनी राजधानी इम्दिना सायंकाळी पायी फिरावी.

आहाराबाबत मात्र सावध असावे. रिकोटा चीज किंवा वाटाण्याचे सारण भरलेली ‘पास्तित्सी’ शाकाहारी भासते. पण तिच्या पारीत परंपरेने डुकराची चरबी घालतात. विक्रेत्याला आम्ही आधी विचारले, म्हणून व्रतभंग टळला. जूनमध्ये सूर्यास्त आठनंतर होतो. त्यामुळे दिवसभर हिंडूनही चौविहार सहज पाळता येतो.